मॉरिसचा डायनॅमो

रविवारी सकाळी प्रशांत कोपरहून नवी बॅटरी घेऊन वर्तकनगरला आला, आणि रिक्षातून बॅटरीच्या मागोमाग त्याची हत्यारांची पेटीही उतरली, तशी त्याच्या बहिणीच्या, हेमाच्या कपाळाला आठी पडली. बॅटरी तिनंच मागवली होती. पेटी कुणी मागवली नव्हती.

"म्हटलं, हात लागला तर लागला," प्रशांत म्हणाला.

"नाही लागणार. तू बस आईजवळ. वहिनी, तुम्हीपण बसा, चहा टाकलाय."

मेघना वहिनी, त्याच्याबरोबर आलेली त्याची बायको, बसली नाही. जुन्या गाडीच्या शेडच्या दाराशी हाताची घडी घालून उभी राहिली. गेले दहा दिवस ती नणंदेशी एक अक्षर बोलली नव्हती, आणि त्याला तसं कारण होतं.

हेमाच्या एकुलत्या एका लेकीचं, संचिताचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. हॉल कल्याणला घेतलेला, विधी संध्याकाळी सहाला. आणि रमाबाईंनी, म्हणजे हेमा-प्रशांतच्या आईंनी, ब्याऐंशीव्या वर्षी हट्ट धरला होता की नात हॉलवर जाईल ती आजोबांच्या, धोंडिबांच्या मॉरिस गाडीतूनच, आणि गाडी चालवेल तो प्रशांत. मामाचा मान. त्यावर हेमानं फोनवर आईला सांगून टाकलं, की ज्यानं ही गाडी एकदा जाळली त्याच्या भरवशावर मी माझी पोर सोडणार नाही. रमाबाई तेव्हा लेकाकडे कोपरला राहायला गेलेल्या, फोन स्पीकरवर होता आणि पानं वाढलेली होती. जे कुणाला ऐकू जायला नको होतं ते सगळ्यांना ऐकू गेलं.

संचिता मामाच्या बाजूची. तिनं आईला सरळ ऐकवलं, मामा नसेल तर मी रिक्षानं जाईन, शालू-मेकअपसकट. रमाबाई म्हणाल्या, आधी गाडी तर नीट होऊ दे, मग पोटभर भांडा. असं सगळं घर येऊन एका डायनॅमोवर अडकलं होतं.

इंजिन हेमानं दुकानातल्या बॅटरीवर, रेस न देता, मिनिटभर चालू करून दाखवलं होतं. तीन आठवडे ती त्या गाडीच्या मागे हात धुऊन लागलेली. जळकी वायरिंग उपटून नवी टाकली, कार्ब्युरेटर साफ केला, जुन्या बाजारातून रेग्युलेटरची पेटी शोधून आणली. पण वर्तकनगर ते कल्याण म्हणजे संध्याकाळची गर्दी, वर दिवे लावायचे. नुसत्या बॅटरीच्या जिवावर निघाली असती तर गाडी नवरीला घेऊन वाटेतच कुठंतरी बसली असती. डायनॅमोनं रस्ताभर बॅटरी भरत राहायला हवी. तो भरतोय की नाही, हे आज सगळ्यांसमोर तपासायचं असं हेमानं जाहीर केलं होतं. खरं तर जाहीर करायची काही गरज नव्हती, दुकानात ती रोज चार डायनॅमो गुपचूप तपासते. पण हा डायनॅमो तिच्या हातचा होता. वीस वर्षांपूर्वी तिनं तो एकटीनं उघडून, साफ करून, जोडून दिला होता. तो ठणठणीत आहे हे चारचौघांत दिसलं की गाडी प्रशांतनं तेव्हा बसवलेल्या गाण्यांच्या टेपनंच जळाली, यावर कायमचा शिक्का बसणार होता. मग मामाच्या मानाचं कुणी नाव काढलं नसतं.

ह्या मॉरिसची गोष्ट घरातल्या पोरासोरांना पाठ होती. धोंडिबा, मुलांचे अप्पा, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. साहेबाची ही गाडी त्यांनी अकरा वर्षं जिवापाड सांभाळली, आणि साहेब विलायतेला परत जाताना चावी त्यांच्या हातात ठेवून गेला. अप्पांनी पहिलं काय केलं असेल तर गाडी घेऊन साताऱ्याकडचं आपलं गाव गाठलं. ज्या रस्त्यानं त्यांच्या वडलांना चपला हातात घेऊन जावं लागायचं, त्या रस्त्यानं ते हॉर्न वाजवत गेले, शेजारी रमाबाई आणि मांडीवर प्रशांत. रमाबाई अजून सांगतात, की इतका वेळ हॉर्न वाजवला की शेवटी तो बसला.

पुढं कारखाना बंद पडला, अप्पांनी नाक्यावर डायनॅमो आणि सेल्फ-स्टार्टर दुरुस्तीचं दुकान काढलं. त्या दुकानावरूनच सगळं झालं.

हेमा तेव्हा सत्तावीस वर्षांची. नवरा काविळीनं गेलेला, संचिता कडेवर, आणि ती माहेरी परत आलेली. नातेवाईक सल्ले द्यायला हजर. उरणकडचा एक बिजवर त्यांनी बघूनही ठेवला होता, त्याला आधीची तीन मुलं. हेमा मात्र जाऊन अप्पांच्या दुकानात बसायला लागली, आणि हातात पाना धरला तो सोडीना. दुकान खरं तर प्रशांतचं व्हायचं. थोरला तो, काम येणारा तो. पण अप्पांनी पोरीची जिद्द बघितली आणि अट घातली. मॉरिसचा डायनॅमो एकटीनं उघड, एकटीनं जोड, गाडी जयंतीच्या मिरवणुकीत पुढं असेल. चालली तर दुकानात बस. नाही चालली तर उरणला निरोप देतो.

तिनं जोडला. चौदा एप्रिलला अख्खी कॉलनी निळे झेंडे घेऊन मैदानापाशी उभी. प्रशांतनं गाडी आणली, ॲक्सिलरेटर दाबला, आणि बॉनेटमधून धूर निघाला. मग जाळ. लोकांनी माती टाकून विझवलं, तोवर आतल्या वायरिंगचा कोळसा झाला होता. अप्पा रस्त्यावरच मटकन खाली बसले. त्यांनी तोंड उघडायच्या आत प्रशांत बोलून मोकळा झाला, की माझ्या टेपची वायर लागली असणार. आदल्याच दिवशी त्यानं हौसेनं गाडीत गाण्यांचा टेप बसवलेला, सगळ्यांनी तो पाहिलेला. दुसऱ्या दिवशी त्यानं डायनॅमो काढून दुकानात चालवून बघितला, परत गाडीला लावला, आणि अप्पांना सांगितलं की हेमाचं काम एक नंबर आहे, चूक माझीच.

अप्पांनी त्याला परत दुकानात पाय ठेवू दिला नाही. दुकान हेमाला मिळालं. प्रशांत डोंबिवलीत लिफ्टच्या कंपनीत लागला, कोपरला जागा घेतली, लग्न केलं. नऊ वर्षांपूर्वी अप्पा गेले, तोवर बापलेक एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलले. आणि हेमाच्याही मनातली अढी गेली नाही. माझ्या परीक्षेच्या दिवशीच ह्याला टेप सुचला, असं तिला वाटायचं, आणि वाटायचं ते ती दर दोन वर्षांनी एकदा बोलूनही दाखवायची.

तर आज सकाळी. चहा झाला, रमाबाईंची खुर्ची शेडच्या दारात आली, संचिता कौतुकानं ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. आणि प्रशांत काही केल्या आईजवळ बसेना. आधी म्हणाला, बॅटरी तरी मी जोडतो, जड आहे. बरं, जोड. मग म्हणाला, हेमा, तू सकाळपासून उपाशी आहेस, दोन घास खाऊन ये, मी तोवर डायनॅमो बघून ठेवतो. तिनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग ती घरात अप्पांचा जुना काट्याचा मीटर आणायला गेली आणि परत येऊन बघते तर हे महाशय बॉनेटमध्ये वाकलेले, हातात वितभर वायर, तिचं एक टोक बॅटरीच्या टर्मिनलवर.

"काय चाललंय?"

"काही नाही. टर्मिनल घासत होतो."

"वायरनं?"

हेमानं त्याच्या हातातली वायर काढून घेतली, त्याला दंडाला धरून आईशेजारच्या स्टुलावर नेऊन बसवलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली की एकदा हात लागला तेवढा पुरे झाला. रमाबाईंनी मान फिरवली. मेघना दारातून दोन पावलं आत आली होती, ती पुन्हा मागे सरली. संचितानं आतूनच, आई, बस ना आता, असं म्हटलं, आणि हेमा कामाला लागली.

हेमा कामाला लागली की तिचं तोंड बंद होतं आणि चेहरा अप्पांसारखा दिसायला लागतो. तिनं अंगठ्यानं पट्टा दाबून बघितला, बॅटरी मोजली. ह्या जुन्या विलायती गाड्यांचं एक उफराटं असतं, की बॅटरीचा प्लस बॉडीला लागतो आणि मायनसनं वीज फिरते. बाकी सगळ्या गाड्यांचं ह्याच्या बरोबर उलट. प्रशांतनं ते नीट जोडलं होतं, तेवढं तिनं मनातल्या मनात मान्य केलं. मग डायनॅमोच्या दोन्ही वायरी सोडवल्या, दोन टर्मिनल तांब्याच्या तुकड्यानं एकत्र बांधले, म्हणजे मध्ये रेग्युलेटर-बिग्युलेटर काही न येता एकटा डायनॅमो किती वीज काढतो ते कळतं. मीटरचा लाल चिमटा बॉडीला लावला, काळा त्या तांब्याला.

"चालू कर," ती संचिताला म्हणाली. "मी हात वर केला की हळूहळू रेस दे. एकदम नको."

मॉरिस खोकत चालू झाली. हेमानं हात वर केला. इंजिनाचा आवाज चढला आणि मीटरचा काटा हलला, पण तो वर गेलाच नाही. शून्याच्या डावीकडं गेला आणि टोकाला जाऊन आपटला.

चिमटे उलटे लागले वाटतं, असं पुटपुटत ती वाकली. चिमटे बरोबर होते. तिनं ते मुद्दाम अदलाबदल करून लावले, लाल तांब्याला, काळा बॉडीला, आणि पुन्हा हात वर केला. काटा झोकात वर चढला. दहा, पंधरा, वीस व्होल्ट. डायनॅमो ठणठणीत होता. फक्त उलटा होता.

"आता मिळालं ना वीस? झालं तर मग," स्टुलावरून प्रशांत घाईघाईनं म्हणाला. "इतकी वर्षं उभा होता, फिरला असेल. असे फिरतात आपोआप."

आपोआप फिरत नाहीत, आणि हे हेमाला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. डायनॅमोच्या पोटात थोडंसं चुंबकत्व उरलेलं असतं. कुठल्या बाजूनं वीज द्यायची ते त्याला त्याच्यावरून कळतं. दुरुस्ती झाली की बॅटरीची वायर त्याच्या फील्डच्या, म्हणजे आतल्या चुंबकाच्या गुंडाळीच्या टर्मिनलला क्षणभर टेकवून ते चुंबकत्व नव्यानं भरावं लागतं, आणि गाडीची बॅटरी जशी जोडलेली असेल तसंच भरावं लागतं. उलटं भरलं तर बॅटरी आणि डायनॅमो एकमेकांच्या जिवावर उठतात. गाडीनं जरा वेग घेतला की रेग्युलेटरमधला कटआउट, म्हणजे दोघांना जोडणारा-तोडणारा स्विच, चिकटतो आणि वायरी पेटतात. दुकानात शिकायला येणाऱ्यांना ती पहिल्याच आठवड्यात हे घोकून घेते.

तिनं संचिताला इंजिन बंद करायला सांगितलं आणि बॉनेटच्या कडेला दोन्ही हात टेकले.

दुकानातलं ते टेबल तिच्या डोळ्यांसमोर आलं. तिथं सगळा माल टॅक्स्यांचा आणि ट्रकांचा, मायनस बॉडीला. बॅटरी कायमची तशीच जोडून ठेवलेली. अप्पा त्या दुपारी मिरवणुकीच्या मीटिंगला गेलेले, जाताना एवढंच म्हणाले होते की शेवटी फील्डला भरून घे. ती एकटी होती. तिनं डायनॅमो जोडला, बोल्टांवर खूण म्हणून लाल रंगाचा ठिपका दिला, आणि रोज सगळ्यांना देते तशीच टेबलावरची वायर ह्यालाही टेकवली. छान ठिणगी पडली. ठिणगी बघून ती एकटीच हसलीसुद्धा होती. ही गाडी उफराटी आहे, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. लाल ठिपके अजून तसेच होते. तिच्यानंतर हा डायनॅमो कुणी उघडलाच नव्हता.

तिनं त्यातल्या एका ठिपक्यावर बोट टेकवलं.

"दादा," ती मागे न बघता म्हणाली. "दुसऱ्या दिवशी तू हा दुकानात चालवून बघितलेलास."

"वीस वर्षं झाली गं त्याला."

"काटा कुठल्या बाजूला गेलेला?"

प्रशांतनं बायकोकडं बघितलं, आणि त्या बघण्यात नको असं स्पष्ट होतं. पण मेघना आता पुरती शेडच्या आत आली होती.

"सांगा," ती नवऱ्याला म्हणाली. "नाहीतर मी सांगते. आता मला नाही जमणार गप्प बसायला."

आणि तिनंच सांगितलं. आवाज चढवला नाही, त्यामुळं ते जास्तच लागलं. लग्न ठरायच्या वेळी तिच्या माहेरी लोक म्हणत होते, बापाची गाडी भर मिरवणुकीत जाळणारा मुलगा कशाला करता. तेव्हा प्रशांतनं तिला एकटीला गाठून खरं काय ते एकदाच सांगितलं, की टेपची वायर मी जोडलेलीच नव्हती, नुसता डबा बसवलेला, डायनॅमो उलटा भरलेला होता. सांगितलं आणि वर शपथ घातली की माझ्या बहिणीला हे कधी कळता कामा नये. "लग्नाच्या आधीपासून मी तोंड शिवून बसले, ताई. त्या दिवशी फोनवर तुमचं ऐकलं, तेव्हा ताटावरून उठले. तरी बोलले नाही. पण आत्ता तुम्ही त्यांना दंडाला धरून बसवलंत ना, ते मला बघवलं नाही."

संचिता गाडीतून उतरून उभी होती, तिचा हात तोंडावर. हेमा वळली. भावाच्या तोंडाकडं बघायचं तिला धाडस होईना, म्हणून ती त्याच्या हातांकडं बघत राहिली. बोटांना ग्रीस लागलेलं होतं.

"का?" एवढंच तिनं विचारलं.

प्रशांतला असल्या गोष्टी बोलता येत नाहीत. तो रुमाल काढून बोटं पुसायला लागला, आणि पुसता पुसताच बोलला. "अप्पा उरणला निरोप पाठवणार होते. बोलले म्हणजे पाठवणार, तुला माहितीय त्यांचं. मला काय, मी कुठंही पोट भरलं असतं, भरलंच. तू संचिताला घेऊन कुठं जाणार होतीस? आणि टेप बसवलेला सगळ्यांनी बघितलेला. आयतं कारण मिळालं."

"तुला दुकान हवं होतं, दादा."

"हवं होतं," तो म्हणाला. खोटं बोलला नाही. "पण तुला जास्त हवं होतं."

"अप्पा गेल्यावर तरी सांगायचंस."

"तोवर ठाण्यात तुझ्या हाताचं नाव झालेलं. सांगून काय दुरुस्त व्हायचं होतं?" त्यानं रुमाल खिशात कोंबला. "माझी चुकी एकच. तेव्हाच सुलटा करून ठेवायला पाहिजे होता. वाटलं, ही गाडी काय आता परत चालू व्हायची नाही. म्हणून तर आज पेटी घेऊन आलेलो. दोन मिनिटांचं काम होतं, तू आत गेलीस तेवढ्यात झालं असतं. पण वायर टेकवणार तेवढ्यात तू आलीस."

हेमाला मग सकाळपासूनचं सगळं उलगडलं, ती पेटी, ते उपाशी आहेस म्हणणं, ती वितभर वायर. वीस वर्षं झाली तरी हा माणूस अजून तिची चूक झाकायच्याच मागे होता, आणि तिनं त्याला दंडाला धरून स्टुलावर बसवलं होतं.

रमाबाईंनी लेकाला जवळ बोलावलं. तो खुर्चीपाशी खाली बसला. त्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, लहान मुलाच्या फिरवतात तसा, आणि म्हणाल्या, "तुझा बाप जाताना तुला नीट हाकसुद्धा मारून गेला नाही रे. आणि मी पण त्याला कधी विचारलं नाही, की पोराचं खरंच चुकलं का."

"जाऊ दे आई. दवाखान्यात शेवटी माझा हात धरलेला त्यांनी. बोलले नाहीत, पण धरलेला."

हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. रमाबाईंनी पदर डोळ्यांना लावला, आणि हेमाला उभं राहवेना. ती येऊन भावासमोर जमिनीवरच बसली, ऑइलच्या डागांवर, साडीची पर्वा न करता.

तिला काय काय आठवत होतं. दुकानाचं शटर पहिल्यांदा एकटीनं उघडलं तो दिवस. संचिताला काउंटरमागे दुपट्यावर झोपवून ती वायंडिंग करायची ते दिवस. शाळेतून ती पोर सरळ दुकानात यायची आणि स्क्रूंच्या डब्यावर पाटी ठेवून अभ्यास करायची. कॉलेज, नोकरी, आणि आता हे लग्न, मुलगा स्वतः पसंत करून आणलेला. ह्यातलं काहीही झालं नसतं. उरणच्या त्या घरात परक्या तीन मुलांचं करता करता ती म्हातारी झाली असती आणि संचिता चौथी म्हणून वाढली असती. आपल्या कष्टानं उभं केलं, असं ती सगळ्यांना अभिमानानं सांगायची. कष्ट तिचेच होते. पण ते करायला जागा मिळाली ती ह्यानं स्वतःची सोडली म्हणून.

"दादा, मी आज जी काही आहे ती तुझ्यामुळं आहे," ती म्हणाली. रडत होती, पण शब्द स्वच्छ येत होते. "आणि मी तुला वीस वर्षं टोचून बोलले. आईसमोर बोलले, वहिनींसमोर बोलले. माझी चूक तू पोटात घातलीस आणि मी तुझ्याच पोटावर पाय देऊन उभी राहिले. हे उपकार मला फेडता यायचे नाहीत. फेडायचे पण नाहीत मला. मला ते असेच राहू देत."

"उपकार-बिपकार नको," प्रशांत म्हणाला. "उठ. साडी खराब होतेय."

ती उठली ती मेघनाकडं गेली. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं, म्हणून तिनं वहिनीचे दोन्ही हात धरले आणि फोनवरचं ते बोलणं शब्दाशब्दानं मागे घेतलं, स्पीकरवर बोललेलं तसंच सगळ्यांसमोर. मेघना आधी ताठच उभी होती. मग म्हणाली, तुमचे हात काळे आहेत हो ताई, आणि तरी सोडवून घेतले नाहीत. तिथं मग संचितानं दोघींना मिठी मारली आणि तिघींचेही कपडे कामातून गेले.

मग राहिलं ते दोन मिनिटांचं काम. हेमानं ती वितभर वायर उचलून प्रशांतपुढं धरली, म्हणाली, तू कर. त्यानं मान हलवली. "तुझ्या हातचा डायनॅमो आहे. तूच कर. फक्त ह्या खेपेला गाडी बघून कर." वीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिची थट्टा केली होती, आणि ती रडता रडता हसली. बॅटरीच्या मायनसवर एक टोक धरून तिनं दुसरं फील्डच्या टर्मिनलला टेकवलं. बारीक ठिणगी उडाली. चिमटे पुन्हा पहिल्यासारखे लावले, लाल बॉडीला. संचितानं रेस दिली, काटा उजवीकडं निघाला आणि वीसवर जाऊन उभा राहिला. मग तांब्याचा तुकडा काढून वायरी जागच्या जागी बसवल्या. डॅशबोर्डवरच्या ॲमीटरनं चार्जिंग दाखवलं, तेव्हा रमाबाईंनी खुर्चीतूनच विचारलं की आता कोण चालवणार ते तरी ठरवा. प्रशांत निमूटपणे ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला, आई पुढं, बाकी तिघी मागं दाटीवाटीनं, आणि मॉरिस शेडच्या बाहेर आली.

वर्तकनगरच्या त्या कॉलनीत रविवारी अकराला सगळे खालीच असतात. पहिल्याच बिल्डिंगखाली कट्ट्यावर पोपटराव आणि मंडळी पेपर घेऊन बसलेली. पोपटरावांचा स्वभाव थट्टेखोर, मनात काही नसतं. त्यांनी लांबूनच ओरडून विचारलं, की काय रे प्रशांत, पाण्याची बादली घेतलीयस ना बरोबर? कट्टा हसला. प्रशांतही नेहमीसारखा हसला, हात वर केला आणि गाडी पुढं काढायला लागला.

"थांबव," हेमा मागून म्हणाली.

"अगं जाऊ दे ना."

"दादा, थांबव."

त्यानं थांबवली. हेमा उतरली. डोळे सुजलेले, साडीवर ऑइल, आणि कट्ट्यावरची माणसं तिला अशी बघून आपोआप उठून उभी राहिली.

"काका, त्या जयंतीला गाडी मी जाळली," ती म्हणाली. "डायनॅमो मी उलटा भरलेला. टेपचा काही संबंध नव्हता. माझं दुकान हुकू नये म्हणून ह्यानं स्वतःवर घेतलं, आणि वीस वर्षं तुमचं सगळ्यांचं ऐकून घेतलं. मला पण आजच कळलं."

पोपटरावांच्या हातातला पेपर खाली आला. ते गाडीपाशी गेले, खिडकीतून आत हात घालून त्यांनी प्रशांतच्या खांद्यावर ठेवला. प्रशांत समोर काचेतून बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"बस आत," तो बहिणीला दबक्या आवाजात म्हणाला. "उभ्या गाडीला चार्जिंग होत नाही."

"मग हळूहळू चालव," हेमा आत बसत म्हणाली. "पुढच्या प्रत्येक बिल्डिंगखाली मला उतरायचंय."

त्या कॉलनीत बिल्डिंगी सतरा. प्रशांतनं नको नको म्हणत सतराही ठिकाणी गाडी थांबवली.